निकेलमध्ये एक गाणं

न्यू जर्सीतल्या एखाद्या जुन्या डायनरमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या साध्या खानावळीत गेलात, तर टेबलाला लागून भिंतीवर एक चकचकीत डबा दिसेल. काचेआड गाण्यांच्या नावांची पानं. ती उलटायची, निकेल म्हणजे पाच सेंटचं नाणं टाकायचं, एक अक्षर आणि एक आकडा दाबायचा, की तिकडे कोपऱ्यातल्या ज्यूकबॉक्समध्ये यांत्रिक हात तबकडी उचलणार. 1949 साली आरसीए या रेकॉर्ड कंपनीने मिनिटाला 45 फेऱ्यांची छोटी तबकडी काढली आणि पुढच्याच वर्षी सीबर्ग कंपनीने तशा पन्नास तबकड्या दोन्ही बाजूंनी वाजवणारं यंत्र बाजारात आणलं. शंभर गाणी, आणि तीही टेबलावरून न उठता! आता यातले बहुतेक डबे मुके आहेत. मी तरीही पानं उलटते.

डायनरचा आकार रेल्वेच्या डब्यासारखा लांबट का, तर तो खरोखरच कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून जागेवर यायचा. असे बरेच कारखाने आमच्याच राज्यात होते. स्टीलचा पत्रा, निऑनची पाटी, काउंटरसमोर गोल फिरणारी स्टुलं. हे सगळं पाहिलं की जीव उगाच हळवा होतो. वास्तविक माझा त्या पन्नासच्या दशकाशी संबंध काय? मुंबईतल्या काही इराणी हॉटेलांत ज्यूकबॉक्स होते, एवढाच काय तो धागा, आणि तोही वडिलांच्या पिढीचा.

खरं तर ही हुरहूर अमेरिकेलाही आयती मिळालेली आहे. ती शिजली सत्तरच्या दशकात. व्हिएतनाम, वॉटरगेट, 1973 च्या पेट्रोलच्या रांगा. अशा वेळी लोकांना मागचं सगळं गोड वाटणारच. 1974 साली ‘हॅपी डेज’ ही मालिका सुरू झाली आणि पन्नासच्या दशकातलं मिलवॉकी घरोघरी पोचलं. मिल्कशेक, लेदर जॅकेट, ज्यूकबॉक्स. आम्ही नंतर आलेल्यांनी तिचे जुने भाग पाहून पाहून दुसऱ्यांच्या आठवणी आपल्या करून टाकल्या.

मालिकेत न मावलेलंही बरंच होतं. 1 फेब्रुवारी 1960 रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये वूलवर्थच्या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या खाण्याच्या काउंटरवर चार कृष्णवर्णीय विद्यार्थी जाऊन बसले. त्यांना कॉफी नाकारली गेली, तरी ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्या काउंटरवर सगळ्यांना वाढायला जुलै उजाडला. आणि आपली गोष्ट? 1946 च्या अमेरिकी कायद्याने भारतीयांना इथे स्थायिक व्हायला कोटा होता वर्षाला 100 माणसांचा. अख्ख्या देशाला! 1965 चा कायदा झाला म्हणून आपली माणसं इथे येऊ शकली. म्हणजे ज्या काळासाठी मी उसासे टाकते, त्याने मला दारातूनच परत पाठवलं असतं.

तेव्हा काळ नको, वस्तू तेवढ्या द्या, असा माझा व्यवहारी तोडगा आहे. 1959 ची कॅडिलॅक पाहा. मागे दोन्ही बाजूंना हे एवढाले पंख, त्यांत बंदुकीच्या गोळीसारखे लाल दिवे. गाडी उडणार नव्हती. पंखांचा उपयोग शून्य. पण काय ती निर्लज्ज हौस! आमच्या पार्किंगमध्ये आता एकजात करड्या गाड्या असतात. माझीही त्यातलीच, किल्लीचं बटण दाबून दिवे लुकलुकल्याशिवाय मला ती सापडत नाही.

इथल्या बऱ्याच डायनरचे मालक ग्रीक. त्यांचं मेन्यूकार्ड एवढं जाडजूड, की पॅनकेकपासून मूसाकापर्यंत सगळं त्यात. गणपतीच्या नाटकाच्या तालमी संपल्या की रात्री उशिरा आमचा दहा-बारा जणांचा घोळका तिथे धडकतो. टेबलं जोडली जातात, कॉफी मागेल तितकी मिळते, कोणीतरी ग्रिल्ड चीजमध्ये मिरची घालायला सांगतंच. आता तर वेट्रेसबाई आम्हाला दारात पाहिलं की न विचारता हॉट सॉसच्या दोन बाटल्या घेऊन येतात.