चौथी गाडी

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी केजच्या एसटी स्टँडवर बसले होते आणि बीडच्या तीन गाड्या माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेल्या. मी उठलेच नाही. मांडीवर यूसीची फाइल (यूसी म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, संस्थावाल्यांना सांगायला नको, बाकीच्यांनी एवढंच समजा की मिळालेला पैसा कुठे गेला त्याचा सही-शिक्क्याचा हिशोब), पर्समध्ये फोन वाजतोय, आणि मला चांगलं कळत होतं की उठायचंय, गाडीत बसायचंय, चार वाजायच्या आत पोचायचंय. पण पाय उचलतच नव्हते. झोप झाली नव्हती असंही नाही. शेवटी टपरीवरच्या काकांनी विचारलं, "ताई, चौथी बी सोडता का काय?" आणि मला रडू आलं. भर स्टँडवर, फाइल तोंडावर धरून. काकांनी काही न बोलता चहा आणून ठेवला, पैसेही घेतले नाहीत.

तर हे त्याबद्दल आहे, दुसऱ्यांसाठी काम करता करता स्वतःचंच मन थकून बसतं त्याबद्दल. लिहू की नको असं वर्षभर चाललं होतं.

आमचं काम ऊसतोड मजुरांच्या पोरांसोबत, चौदा वर्षं झाली. दसरा झाला की आमच्याकडची गावं रिकामी व्हायला लागतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेळी, म्हातारी, सगळं चढतं आणि कोयता (कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, माणसाला हत्याराचं नाव, असो) सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जातो. पोरं सोबत गेली तर पाच-सहा महिने शाळा बुडते, म्हणून ती गावातच ठेवायची, हंगामी वसतिगृहात, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (म्हणजे उसाचं गाळप संपेपर्यंत). आमच्याकडे चौसष्ट पोरं आणि अकरा माणसांचा स्टाफ. मी सगळ्यांची ताई. पोरांची ताई, त्यांच्या आयांची ताई, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या असलेल्या स्वयंपाकाच्या मावशींचीही ताईच.

लोकांना वाटतं या कामात त्रास होतो तो दुःख बघून. होतो, नाही असं नाही. पण मला रात्री तीनला जागं करायचं ते दुःख नव्हतं, ती सात तारीख होती. सात तारखेला अकरा पगार. प्रोजेक्टचा हप्ता येणार मार्चमध्ये, पोरं जेवणार आज. फंडर मंडळींना पोरांचं दप्तर, पोरांची सतरंजी, पोरांचं दूध यासाठी पैसे द्यायला आवडतं, फोटो चांगला येतो, पण ते दूध तापवणाऱ्या बाईचा पगार म्हणजे ओव्हरहेड, वरखर्च, आणि ओव्हरहेड म्हटलं की तोंड वाकडं. एका जानेवारीत मी पाटल्या गहाण ठेवून पगार केले. नवऱ्यालासुद्धा महिनाभर सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता. आजार तिथेच होता, मला तो गुण वाटत होता.

आणि दुसरं म्हणजे लाज. जी बाई सातव्या महिन्यात डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॅक्टरची शिडी चढते तिच्या पोरीला मी सांभाळते, आणि मी म्हणणार की माझं मन बरं नाही? पंख्याखाली बसून? हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की शेवटी शेवटी ते पाठ झालेल्या प्रार्थनेसारखं आपोआप चालायचं. कुठलाही आराम केला की लगेच ती मोळी दिसायची. रविवारी दुपारी झोपले, मोळी. बहिणीकडे लग्नाला दोन दिवस राहिले, मोळी.

मी राष्ट्र सेवादलाच्या शिबिरांत वाढलेली. साने गुरुजी आमच्या घरातलेच असल्यासारखे. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये गुरुजींनी केलेलं उपोषण मी किती भाषणांत सांगितलं असेल, गणती नाही. आणि ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं, हे मात्र आम्ही पुण्यतिथीच्या भाषणातही गुळमुळीत करून पुढे जातो, "गुरुजी आपल्यातून गेले" एवढंच. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. आता ते भाषण आठवलं की मला वाटतं, आम्ही पोरांना गुरुजींचे अश्रू शिकवले, ते अश्रू पुसणारं आसपास कोण होतं हे कधी विचारलंच नाही. त्यांच्या मनात काय होतं त्यावर मी बोलणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण आपल्याकडे कार्यकर्ता म्हणजे जळणारी समई, आणि समईला कोणी विचारत नाही बाई तुझं तेल किती राहिलंय.

स्टँडच्या त्या दिवसानंतर तीन आठवडे मी काहीच केलं नाही. मग एका रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसले होते आणि समोर भिंतीवर १४४१६ दिसलं. टेली-मानसचा नंबर, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. कागद मीच चिकटवलेला, माझ्याच हाताने, मोठ्या पोरींसाठी आणि स्टाफसाठी. तीन मीटिंगांमध्ये सांगितलेलं की बिनधास्त फोन करा, यात लाजायचं काय. आणि मला स्वतःला तो फिरवायला पाऊण तास लागला. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं तर मी चक्क म्हटलं, आमच्या एका कार्यकर्तीसाठी विचारतेय. ती म्हणाली बरं, तुमची कार्यकर्ती जेवते का वेळेवर? तिथेच माझं नाटक संपलं.

पुढे संभाजीनगरला सायकियाट्रिस्टकडे गेले, गोळ्या चालू झाल्या, पंधरा दिवसांनी एकदा काउन्सेलिंग. ट्रस्टींना सांगितलं पित्ताचा त्रास आहे. फंडरला कळलं तर, ही भीती होतीच, कारण प्रपोजलमध्ये सगळीकडे माझंच नाव आणि माझाच अनुभव लिहिलेला.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. बर्नआउट हा शब्द मला आयटीवाल्यांचा वाटायचा. तो निघाला आमच्यासारख्यांमधूनच. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, दिवसा स्वतःची प्रॅक्टिस आणि मग रात्री उशिरापर्यंत व्यसनात अडकलेल्या गरीब पोरांच्या मोफत दवाखान्यात बिनपगारी काम. तिथले स्वयंसेवक एकेक करून विझताना त्यांनी पाहिले, स्वतःही विझले, आणि १९७४ मध्ये त्यावर लेख लिहिला. म्हणजे मुळात हे ध्येयाने काम करणाऱ्यांचंच दुखणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची नोंद केली ती आजार म्हणून नाही, कामातून येणारी अवस्था म्हणून, आणि तिची तीन लक्षणं सांगितलीत: शक्ती संपणं, कामाबद्दल मन कडू होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं.

त्यातलं मधलं लक्षण ऐकलं आणि मला एक रात्र आठवली. पावणेबाराला फोन, कर्नाटकातल्या फडावरून एक आई, पोरीला ताप आहे असं तिला कोणाकडून तरी कळलेलं. पोरगी बरी होती, झोपली होती. मी तिला नीट सांगितलं, धीर दिला, सगळं बरोबर बोलले. आणि फोन ठेवल्यावर मनात आलं, काय रोजची कटकट आहे ही. कटकट. जिच्यासाठी हे सगळं उभं केलं तीच. कोणी ऐकलं नाही, पण मी ऐकलं ना. काउन्सेलरना हे सांगायला मला चार सेशन लागले, पाटल्यांचं तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

मध्येच एक गंमत. एका फंडरने संस्थाप्रमुखांसाठी वेलनेसचं ऑनलाइन सेशन ठेवलं, कधी, तर २८ मार्चला. डोळे मिटा, समुद्राच्या लाटा ऐका. मी डोळे मिटले तर आमचा अकाउंटवाला पोरगा कानात, ताई किराण्याचं व्हाउचर सापडेना. लाटा काही ऐकू आल्या नाहीत. ध्यानाला माझा विरोध नाही, करते मी आता दहा मिनिटं. पण ज्याने हप्ता दोन महिने उशिरा दिला त्यानेच मला श्वास सोडायला शिकवावं याचं हसू येतं.

खरा फरक ज्याने पडला ती गोष्ट सांगायला जरा ओशाळल्यासारखं होतं. आमचे एक जुने ट्रस्टी वारले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या जागी दुसरं नाव लावायचं तर धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट (ट्रस्टी बदलल्याचा अर्ज) करावा लागतो, मग बँकेत सही बदलते. मी सगळ्यांना सांगत फिरायचे, काय करणार, सरकारी काम, सहीला मी एकटीच उरलेय, आजारी पडायचीसुद्धा सोय नाही. काउन्सेलरने सहज विचारलं, कागद कधी दिले? मी म्हटलं देणार आहे. सहा वर्षं मी देणारच होते. मुदत केव्हाच उलटून गेलेली, दोष कुणाचाच नाही, माझा. चेकवर माझीच सही लागते, कुलूप माझ्याच किल्लीने उघडतं, यात मला आतून कुठेतरी बरं वाटायचं. घरी जाऊन ती फाइल काढली, धूळ झटकली, आणि उशीर माफीच्या अर्जासकट वकिलांकडे दिली.

त्याच सुमारास स्टाफला घेऊन सेवाग्रामला गेलो होतो. तिथे एक जुना फोन ठेवलाय, व्हाइसरॉयला गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून बसवलेला. बाकीचे चरखा बघत होते, मी त्या फोनपाशीच. कारण बापूंचं दर सोमवारी मौन असायचं, काही सांगायचंच तर चिठ्ठीवर लिहून. एवढा देश पेटलेला आणि आठवड्यातून एक दिवस हा माणूस बोलणार नाही. सोमवारी तो फोन वाजला तर काय होत असेल कोण जाणे. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी मागून म्हणाल्या, "ताई, तुमी बी धरा की येक वार." मी म्हटलं धरते, आणि मग आठ महिने धरला नाही.

आता धरलाय. बुधवार. वसतिगृहासाठी वेगळा फोन घेतला, तो रात्रीचा आळीपाळीने चौघांकडे असतो, माझ्याकडे फक्त शनिवारी. तीन महिन्यांचे पगार बाजूला ठेवायचे ठरवलंय, आतापर्यंत सव्वा महिन्याचे जमलेत. गोळी डॉक्टरांनी कमी करत आणलीये. ट्रस्टींना खरं काय ते सांगितलं, तर त्यातले सर्वांत वयस्कर सर म्हणाले, "मलाही एकोणीस वर्षांपूर्वी," आणि पुढे बोललेच नाहीत, खिडकीबाहेर बघत बसले. मीही विचारलं नाही.

या दसऱ्यानंतर टोळ्या गेल्या. मागच्या बुधवारी रात्री सवयीने दोनला जाग आली, उशाशी हात गेला, फोन नव्हता. सकाळी वसतिगृहात गेले तर कळलं, रात्री सातवीतल्या एका पोराचं पोट दुखायला लागलं होतं, आमच्या नव्या पोरीने गाडी काढून दवाखान्यात नेलं, त्याच्या बापाला फडावर फोन लावून दिला, पहाटे परत आणून झोपवलंही. पोरगं पोहे खात बसलेलं. मी तिला म्हटलं, मला उठवायचं नाही का गं? ती म्हणाली, "ताई, बुधवार होता ना."

खरं सांगू, थोडं वाईटच वाटलं मला.