जुना वस्तरा 'रेअर' आहे का हे कसं बघायचं

मी जुने वस्तरे जमवतो हे आता ओळखीपाळखीत सगळ्यांना माहितीये, त्यामुळे कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत नाहीतर जुन्या बाजारात एखादा सापडला की मला फोटो येतो आणि खाली एकच प्रश्न, रेअर आहे का रे? आणि फोटो असतो मिटलेल्या वस्तऱ्याचा, नुसती मूठ दिसते. अरे पातं उघडा आधी! धार जिथे संपते तिथून खिळ्यापर्यंतचा जो जाड भाग असतो ना, त्याला टँग म्हणतात, अख्खी जन्मकुंडली तिथे ठोकलेली असते.

आधी गावाचं नाव शोधा. शेफील्ड असेल तर इंग्लंड, सोलिंगेन असेल तर जर्मनी, एस्किलस्टुना म्हणजे स्वीडन, आणि थिएर असेल तर फ्रान्स. मग देशाचं नाव आहे का बघा. अमेरिकेने १८९० मध्ये मॅकिन्ली टॅरिफचा, म्हणजे आयात मालावरच्या जकातीचा, कायदा केला आणि १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे टँगवर नुसतं 'जर्मनी' किंवा 'इंग्लंड' ठोकलेलं असेल तर तो वस्तरा बहुतेक त्याच्या नंतरचा. पण उलटं धरू नका हां. नाव नाही म्हणून लगेच १८९१ च्या आधीचा असं होत नाही, जो माल अमेरिकेला जायचाच नव्हता त्यावर कशाला घालतील.

इंग्लिश वस्तऱ्यांवर मुकुट आणि राजाराणीची अक्षरं असतात. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया, म्हणजे १८३७ च्या आधीचा असूच शकत नाही. डब्ल्यू आर म्हणजे चौथा विल्यम, त्याचं राज्य जेमतेम १८३० ते १८३७, त्यामुळे हा शिक्का दिसला की मी तरी फोटो झूम करून करून बघतो. जी आर मात्र फसवा, कारण जॉर्ज खूप झाले, तिसरा चौथा पण जॉर्ज आणि १९१० नंतरचा पाचवा पण जॉर्जच. इथे मग पात्याचा आकार बघायचा. अठराव्या शतकातल्या वस्तऱ्याला मागची शेपटी, म्हणजे बोट टेकवतो तो भाग, नसतेच किंवा अगदी नखाएवढी असते, ती एकोणिसाव्या शतकात लांब होत गेली. जुनं पातं पाचरीसारखं भरीव असतं, उलट दोन्ही बाजूंनी कोरून पातळ केलेलं, नखाने टिचकी मारली की वाजणारं, असं पातं बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा नंतरचं. 'सिल्व्हर स्टील' लिहिलं असेल तर १८२० च्या सुमारासचा किंवा त्यानंतरचा धरा, लंडनचा सुऱ्या-कात्र्या बनवणारा स्टोडार्ट आणि फॅरडे (हो तोच, विजेवाला मायकेल फॅरडे) यांनी पोलादात चांदी मिसळून प्रयोग केले त्यानंतर हे नाव चाललं, पुढे तर चांदी असो नसो सगळे सर्रास लिहायला लागले.

आता रेअरचं. माझं ठाम मत आहे की जुनं म्हणजे दुर्मिळ नाही. वस्तरा ही वापरून संपवायची वस्तू होती, निसण्यावर घासून घासून पातं झिजत जायचं, त्यामुळे नाव कितीही कॉमन असलं तरी न झिजलेला, मूळ मुठीसकट असलेला नग हाच खरा दुर्मिळ. वेड अँड बुचर घ्या. शेफील्डची ही कंपनी, अमेरिकेत ढिगाने माल पाठवला, आजही नेटवर रोज दिसतील, पण त्यातलंच एक इंच रुंदीचं पातं पूर्ण रुंदीत, कोरीव अक्षरं शाबूत असलेलं निघालं तर जमवणारे अक्षरशः तुटून पडतात. आणि उलट, कुणी कधी न ऐकलेलं नाव असेल तर तो नुसता दुकानदाराचा शिक्का असू शकतो, सोलिंगेनचे कारखाने दुसऱ्यांच्या नावाने खूप माल बनवून द्यायचे, ते नाव दुर्मिळ असेलही पण त्याला मागणी नसते.

झीज कशी ओळखायची तर पाठीवरचा घासलेला चकचकीत पट्टा बघा, रुंद असेल तर दगडावर खूप घासलाय. मग मोजा. पाठीची जाडी साधारण पात्याच्या रुंदीच्या पाव पट किंवा थोडी जास्त लागते, १९ मिलीमीटर रुंदीला ५ मिलीमीटरच्या आसपास. पाठ जाड आणि पातं अरुंद असं निघालं तर ते पातं मुळात जास्त रुंद होतं, धारेकडून खाल्लं गेलंय. धार सरळ किंवा किंचित फुगीर हवी, मधे आत गेलेली नको. आणि आरशासारखी चमक दिसली तर मला आनंद होत नाही, शंका येते, कारण बफ मशीनवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, धरलं की शिक्क्याच्या कडा बोथट होतात, सोनेरी अक्षरं जातात, आणि जुनेपण एकदा घालवलं की परत आणता येत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, ओळख पटायच्या आधी काही घासू नका.

सातचा संच दिसला, म्हणजे एकेका पात्याच्या पाठीवर आठवड्याचा एकेक वार लिहिलेला, तर साती पात्यांची रुंदी आणि झीज जुळते का बघा, तुटक संच जोडून विकतात.

मुठीत शिंग, हाड, कासवाची पाठ, हस्तिदंत आणि सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लॅस्टिक). हस्तिदंतात कापलेल्या बाजूला एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, हाडात काळे ठिपके, आणि सेल्युलॉइडच्या नकली हस्तिदंतात फार सरळ, एकसारख्या समांतर रेषा. गरम सुई टोचून बघू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं. आणि हस्तिदंत निघालाच तर आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री चालत नाही, कितीही जुना असो, त्यामुळे 'केवढ्याला जाईल' हा प्रश्न तिथेच संपला.

सेल्युलॉइड असेल तर अजून एक. ते कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि मुठीच्या आत बसणारा पात्याचा भागच गंजतो, शेजारच्या वस्तऱ्यांनाही लागण होते. कापरासारखा किंवा आंबूस वास आला, तडे दिसले की तो वस्तरा बंद डबीतून काढा, पात्याला तेलाचा हात द्या, मुठीला हवा लागू द्या, आणि बाकीच्यांपासून लांब ठेवा.