आमची वाटचाल : नवरीच्या रंगाची पारख

सोलापुरात वधूशृंगाराचे काम आम्ही सुरू केले, तेव्हा ठरवायला येणाऱ्या बहुतेक घरांची पहिली मागणी ‘मुलगी उजळ दिसली पाहिजे’ हीच असे. बाजारातल्या फाउंडेशनच्या, म्हणजे चेहऱ्याला एकसारखा रंग देणाऱ्या लेपाच्या, छटाही गोऱ्या रंगाकडेच झुकलेल्या असत, आणि सावळ्या मुलीला त्यांतली फिकट छटा लावली की त्या छटेतल्या टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्यामुळे चेहरा राखाडी पडून गळ्यापासून तुटक दिसे. हे आम्ही करणार नाही, असे पहिल्यापासून सांगत आलो. त्यापायी काही गिऱ्हाइके परतही गेली.

त्वचा गडद की फिकी हे मुख्यतः मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्यावर ठरते. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या सर्व माणसांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचे तयार होते यामुळे. त्यात रक्तातल्या हिमोग्लोबिनची लाली आणि कॅरोटीनचा पिवळेपणा मिसळून जी झाक उमटते, तिला आमच्या धंद्यात अंडरटोन म्हणतात. सोलापूरच्या उन्हाने रंग रापतो, पण झाक सहसा बदलत नाही; म्हणूनच सारख्याच सावळ्या दोन बहिणींपैकी एकीला सोनेरी छटा खुलते, तर दुसरीच्या चेहऱ्यावर तीच पिवळट दिसते.

मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या हे पाहून झाक ओळखण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे, परंतु गडद त्वचेवर शिरा स्पष्ट दिसत नसल्याने आम्ही तिच्यावर विसंबत नाही. जबड्यापासून गळ्यापर्यंत तीन छटांचे पट्टे ओढून नवरीला दारातल्या उजेडात बसवतो आणि दहा-पंधरा मिनिटे थांबतो, कारण काही फाउंडेशन लावल्यानंतर गडद होतात. जी छटा गळ्याशी एकजीव होऊन दिसेनाशी होते, ती तिची. ट्रायल हळदीच्या आधीच घ्यावी, असा आमचा आग्रह असतो, कारण हळदीचा रंग अंगावर राहिला की खरी झाक कळत नाही.

तयार छटा क्वचितच जुळते. ती नारिंगी वाटली तर निळ्या मिक्सरचा, म्हणजे छटा बदलण्यासाठी मिसळायच्या रंगाचा, अगदी थोडा अंश घालतो. डोळ्यांखालच्या काळेपणावर मात्र आधी नारिंगी करेक्टर, म्हणजे काळेपणा झाकणारा रंग, लावावाच लागतो. प्रत्येकीच्या मिश्रणाचे प्रमाण आम्ही वहीत नोंदवतो, आणि तीच मुलगी पुढे डोहाळजेवणाला आली तरी गळ्याशी छटा पुन्हा ताडून पाहतो, कारण गरोदरपणात अनेकींच्या गालांवर वांग उमटतात.