ओळखीच्या माणसाले होत नाही

आमच्या वर्धा जिल्ह्यात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला तो मे २०२० मध्ये. आमच्या गावात रोग यायला त्यानंतरही बरेच महिने गेले. भीती मात्र मार्चमध्येच येऊन पारावर बसली होती. तिला ना पास लागला, ना एसटी. ती फोनवरून आली.

फोनवरून म्हणजे खरोखर फोनवरून. त्या दिवसांत कुणालाही फोन लावला की आधी खोकल्याची ढास ऐकू यायची आणि मग एक बाई हिंदीत हात धुवायला सांगायची. सरकारी कॉलर ट्यून होती ती. आमच्या काकाजींना हे काही उमगलं नव्हतं. हिंगणघाटच्या अडत्याला चण्याचा भाव विचारायला त्यांनी फोन लावला, खोकला ऐकला आणि लगेच ठेवून दिला. "त्यायची तब्येत बरी नाही वाटते. खोकलून राह्यले." संध्याकाळी व्याह्यांना लावला, तर तिकडूनही तेच. काकाजी ओसरीवर येऊन म्हणाले, "लय पसरला बाप्पा. जेथी लावाव तेथी खोकला."

खरं तर तेव्हा देशभरात रुग्ण मोजकेच होते. ३० जानेवारीला केरळात पहिला सापडला, तेव्हा गावात कुणी मान वर करून पाहिलं नाही. ९ मार्चला पुण्यात दुबईहून आलेलं जोडपं निघालं, तेव्हा ज्यांची पोरं पुण्याला कंपनीत आहेत तेवढी घरं हलली. ११ मार्चला नागपूरचं नाव आलं आणि मग सारं गाव टीव्हीसमोर बसलं. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं ही महामारी असल्याचं जाहीर केलं होतं, पण त्याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नव्हतं. नागपूर म्हणजे मेडिकलचा दवाखाना, नागपूर म्हणजे लग्नाचा बस्ता, नागपूर म्हणजे हायकोर्टातली तारीख. गावाचं हे मोजमाप असंच असतं. ठिकाण ओळखीचं निघालं की धोका जवळ आला. माणूस ओळखीचा निघाला की मात्र धोका टळला! या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा मावतात, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण मावतात.

माणसाचं सोडा, कोंबडीचंही तसंच झालं. धुळवड १० मार्चला होती. आमच्याकडं धुळवडीला ज्याच्या घरी रस्सा शिजत नाही त्याची बाकीच्यांना काळजी वाटते. पण त्याआधी कुठलासा व्हिडिओ फिरला की ब्रायलरमध्ये कोरोना आहे. झालं. शेजारच्या गावचा पोल्ट्रीवाला पिकअपमध्ये पक्षी भरून दारोदार फिरला, वांग्याच्या भावात द्यायला तयार होता, तरी कुणी हात लावेना. बोकडाच्या मटणाचा भाव आकाशाला. आणि ज्यांना तो परवडत नव्हता त्यांनी आपल्या अंगणातली गावरान कोंबडी कापली. मी एकाला विचारलं, कोंबडी ती कोंबडीच ना? तो म्हणाला, "हे काय चीनले गेली होती का? डोळ्यासमोर वाढली आपल्या." ब्रायलर ज्या सोयाबीनच्या ढेपेवर पोसली जाते ते सोयाबीन याच लोकांनी पेरलेलं होतं. पण धुळवडीच्या दिवशी एवढ्या लांबचा हिशेब कोण करतो.

२२ मार्चच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजवल्या. डॉक्टर-नर्सचे आभार मानण्यासाठी म्हणून सांगितलं होतं. पोरांनी थाळ्या, डफडं, डब्याची झाकणं घेऊन थेट शिवेपर्यंत मिरवणूक नेली. दारात बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आता मार्चात मारबत काढून राह्यले का?" तिचं काही चुकलं नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणत जे काय गावाबाहेर नेऊन टाकायचं असतं, ते टाकायचा रस्ता हाच.

आणि त्याच रस्त्यावर तीन दिवसांनी, पाडव्याच्या सकाळी, काट्या पडल्या.

२५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. गावातल्या पोरांनी रात्रीतून बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या तोडून आणल्या, एका मोडक्या बैलबंडीचं साटं रस्त्यावर आडवं टाकलं आणि पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं, 'गावात प्रवेश बंद. आदेशावरून.' कुणाच्या आदेशावरून, हे लिहिलेलं नव्हतं. सरपंचानं तो आदेश काढला नव्हता, पोलीस पाटलाला सकाळी कळलं. पण त्या शब्दाला वजन होतं. ज्या पोरांना गावात कुणी काम सांगत नव्हतं आणि सांगितलं तर ती करत नव्हती, ती पोरं आता पाळ्या लावून बसली. हातात तुराट्या, तोंडाला दुपट्टा. दुपट्टा तर आमच्याकडं उन्हाळ्यात बांधतातच, त्यामुळं मास्क सक्तीचा झाला तरी गावात नवीन काही दिसलं नाही.

तिथं पहिल्या दिवशी कोण अडलं? ग्रामसेवक. त्याचं ओळखपत्र पोरांनी उलटसुलट करून पाहिलं. मग गॅसची गाडी अडली. मग गोधड्या शिवून देणारी एक बाई अडली. आणि दुपारी मोटारसायकलवरून एक जण आला.

"कोण गाव?"

"बुटीबोरीवरून येऊन राह्यलो."

"नाही जमत. वापस जा."

"अबे, मी जावई नाही का तुमच्या गावचा. वरच्या वाड्यातला."

"मंग पहिलेच सांगाव ना भाटवे. या, या. अबे, काटी सरकव."

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीत हजारो लोक एकत्र काम करतात. त्या दिवशी त्या रस्त्यानं आलेल्यांत धोक्याचा कुणी असलाच तर तो हाच जावई. त्याला पोरांनी पाणी पाजलं, वर त्याच्या गाडीवर एक पोरगं बसून वाड्यापर्यंत सोडवायला गेलं. मी तिथंच उभा होतो. म्हटलं, अरे, याला कसा सोडला? पोरगं माझ्याकडं दयेनं पाहत म्हणालं, "भाऊ, ओळखीच्या माणसाले होत नाही."

याची दुसरी बाजू एप्रिलमध्ये दिसली. टरबूज घेऊन येणारा एक चाचा होता. मी लहान होतो तेव्हापासून त्याची हाक गावात ऐकू येते. उधारी देणारा, पोरांच्या हातावर एखादी फोड ठेवणारा. दिल्लीच्या मरकजमधल्या तबलिगी जमातीच्या मेळाव्यातून कोरोना पसरल्याच्या बातम्या टीव्हीवर रात्रंदिवस सुरू झाल्या आणि त्या आठवड्यात चाचाची गाडी काट्यांपाशी अडली. भाजी-फळांना सरकारची परवानगी होती. त्याच्याकडं तसा कागदही होता. तो कागद कुणी वाचला नाही. इतक्या वर्षांची ओळख, आणि टीव्हीनं ती एका आठवड्यात पुसून टाकली. जावयाला आत घेणारी पोरं हीच. मला त्या दिवशी गावाचा राग आला होता आणि तो पुरता गेलेला नाही. खालच्या आळीतल्या दोन-तीन बाया मात्र पिशव्या घेऊन काट्यांच्या बाहेर गेल्या, टरबूज ठोकून ठोकून घेतले, भावासाठी नेहमीसारख्या भांडल्या आणि परत आल्या. त्यांना पोरं काही बोलली नाहीत. बायांना बोलायची कुणाची टाप होती?

पुण्याहून पोरं परतायला लागली तेव्हा त्यांची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेत केली. चौदा दिवस तिथंच राहायचं असा नियम. सकाळ-संध्याकाळ आया डबे घेऊन जायच्या, डबा खिडकीत ठेवायचा आणि लांब व्हायचं, असं आशाताईंनी बजावलेलं. पहिले दोन दिवस ते पाळलं. मग आया खिडकीपाशी बसायला लागल्या. मग बापही यायला लागले. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर रोज संध्याकाळी बैठक जमायची, आतून पोरं पुण्याच्या गोष्टी सांगायची आणि बाहेरून गाव ऐकायचं. गेल्या काही वर्षांत या पोरांचं त्यांच्या बापांशी एवढं बोलणं झालं नसेल. आशाताई बिचाऱ्या रजिस्टर घेऊन यायच्या, रागवायच्या. लोक भिंतीवरून उतरायचे, त्या वळल्या की पुन्हा चढायचे.

एका पोराला मात्र घरीच ठेवलं होतं, कापसाच्या खोलीत. त्या साली कापूस घरातच अडकला. लॉकडाऊनमुळं सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, खरेदी बंद पडली. लांब धाग्याचा हमीभाव ५,५५० रुपये क्विंटल होता, पण केंद्रच बंद तर भाव काय चाटायचा? मग सुरू झाली तेव्हा नोंदणी, टोकन, महिनोन्महिने वाट. आमच्याकडच्या कितीतरी घरांत झोपायची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली होती, आणि वैशाखात त्या कापसाच्या उबेनं अन् किड्यांनी अंगाला खाज सुटायची. हा पोरगा त्या गंजीच्या कडेला खाट टाकून चौदा दिवस खाजवत पडला. बाहेर आला तेव्हा अंगभर चट्टे. गावानं त्याच्यापासून आणखी आठ दिवस लांब राहायचं ठरवलं.

ग्रामपंचायतीनं मग गावात फवारणी केली. सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी, आणि पंप कपाशीवर फवारायचे तेच, पाठीवरचे. फवारणाऱ्या माणसांनी तोंडाला मास्क, हातात मोजे, डोळ्यांना चष्मा असा सरंजाम केलेला. लोक फोटो काढत होते. मी पाहत राहिलो, कारण याच माणसांना मी वर्षानुवर्षं उघड्या तोंडानं, उघड्या अंगानं कपाशीवर विष फवारताना पाहिलंय. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले. त्यानंतरही आमच्याकडं कुणी मोजे घातले नव्हते. विषाची ओळख जुनी. रोग नवा.

पंचायतीच्या टेबलावर सॅनिटायझरची बाटली आली, तिचं कौतुक वेगळंच. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. बाटलीवर सत्तर टक्के अल्कोहोल असं छापलेलं वाचून एक जण शिपायाला गंभीरपणे म्हणाला, "हे सरकारी हाय का?" दुसऱ्या दिवसापासून बाटली कपाटात गेली आणि कुलूप लागलं.

पण खरी परीक्षा झाली ती खर्र्याची. ज्यांनी विदर्भात दिवस काढले नाहीत त्यांना खर्रा म्हणजे नुसता तंबाखू वाटेल. कातरलेली सुपारी, सुगंधी तंबाखू, चुना, हे सगळं पन्नीत टाकून पाटावर घासायचं, घासत राहायचं, पन्नी गरम होईपर्यंत. यात वाईट काय ते आमच्या भागातल्या कॅन्सरच्या दवाखान्यांत बसलेल्या कुणालाही विचारा. पण खर्रा एकट्यानं खायची वस्तू नव्हे. पुडी उघडली की चार हात पुढं येतात. ज्याला तुम्ही पुडी पुढं करत नाही त्याच्याशी तुमचं भांडण आहे, असं गाव समजतं. आणि आता सांगत होते की एक मीटर अंतर ठेवा, तोंडाला हात लावू नका, थुंकू नका! थुंकू नका, हे पानठेल्यापाशी उभं राहून कुणाला सांगणार?

पानठेले बंद झाले. खर्रा बंद झाला नाही. तो घराघरांतून विकला जाऊ लागला, दुप्पट-तिप्पट भावानं. आणि पाराखाली मी एक नवा रिवाज पाहिला. पुडीवाला पुडी उघडायचा, स्वतःच्या तीन बोटांनी चिमूट उचलायचा आणि समोरच्याच्या तळहातावर वरून, वीतभर उंचीवरून टाकायचा. हात हाताला लागू द्यायचा नाही. मग तीच बोटं चाटून तो पुढच्याच्या तळहातावर चिमूट सोडायचा. सगळे समाधानात. अंतर पाळलं होतं ना!

यावरून गाव मूर्ख होतं असं वाटत असेल तर महामार्गाचंही सांगायला हवं. हैदराबादहून नागपूरकडं जाणारा ४४ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आमच्या भागातून जातो. एप्रिल-मेमध्ये त्यावरून माणसं पायी चालत होती. तेलंगणात कामाला गेलेली, मध्य प्रदेशाकडं, छत्तीसगडकडं, उत्तर प्रदेशाकडं निघालेली. डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू, पायात चप्पल असली तर असली. यांच्यापैकी एकही आमच्या ओळखीचा नव्हता. भाषा वेगळी, गाव वेगळं. गावच्या नियमानं ही सगळ्यात धोक्याची माणसं. पण काट्यांवर पाळी देणारी तीच पोरं महामार्गाच्या कडेला लिंबाखाली रांजण भरून बसली. बायांनी घरोघरी भाकरी मागितल्या, कुणी चून म्हणजे पिठलं दिलं, कुणी कांदा. एकानं मुलाच्या लग्नासाठी आणलेल्या चपलांचे जोड वाटून टाकले, लग्न पुढं गेलंच होतं. संध्याकाळी गावात शिरताना पोरं काट्यांपाशी थांबून साबणानं हात धुवायची आणि पुन्हा पहाऱ्याला बसायची. याचा मेळ घालायचा मी प्रयत्न करत नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीकडून दुसरी लाट उठली आणि तेव्हा रोग खरा गावात आला. तोवर भीती खर्चून झाली होती. काट्या कुणीतरी वाडीच्या कुंपणाला नेल्या होत्या, बंडीचं साटं सरपणात गेलं होतं. घरोघरी ताप. पण कोरोना कुणालाच नव्हता. सगळ्यांना टायफाईड होता. तालुक्याच्या डॉक्टरकडं जायचं, रक्त द्यायचं, टायफाईडचा कागद घेऊन यायचं, सलाईन लावायची. सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यात नेलं की घरचे सांगायचे, "श्वासाचा जुना त्रास होता त्यायले." नाकात काडी घालू देणारा मला गावात विरळाच भेटला. कोण कबूल करणार? दारावर कागद चिकटवतात, पाण्याला कुणी येत नाही, लेकीचं जमलेलं मोडतं. शेजारी तुमच्यासमोर राहतो, त्याला कोरोना आहे म्हणणं म्हणजे त्याला शिवेबाहेर काढणं. मग त्याला टायफाईडच असतो.

काकाजीही तेव्हा पंधरा-वीस दिवस खाटेवर होते. आज विचारलं तर ते टायफाईडच सांगतात, कागद काढून दाखवतात. काकू तेवढ्यात चुलीपासून म्हणते (सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर), "हाव, टायफाईडच. भाजीत मूठभर सांबार टाकला तरी वास नव्हता येत यायले, अन् मले म्हणे, सांबार बाशी हाय."