कवडसा मोजून पृथ्वीचा परीघ

मे महिना आला की शून्य सावली दिवसाच्या बातम्या येतात. पुण्यात 13-14 मे, मुंबईत 15-16 मे, नागपुरात 26 मेच्या आसपास सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ते पाहावंच, पण शाळेसाठी ती वेळ फार अडचणीची आहे. मे महिन्यात सुट्टी असते आणि दुसरा शून्य सावली दिवस जुलै-ऑगस्टच्या ढगांत हरवतो. शिवाय मोजमाप शिकवायचं तर मोजण्याजोगी सावली हवी. दोन गावांत मध्यान्हाला सूर्य डोक्यावरून किती अंश कललाय ते मोजायचं आणि त्या दोन कोनांच्या फरकावरून पृथ्वीचा परीघ काढायचा, असा हा प्रयोग आहे.

त्यासाठी सगळ्यात चांगला काळ 18 ते 26 डिसेंबर. आभाळ स्वच्छ असतं, दुपारची सावली वर्षातली सर्वांत लांब असते आणि या दिवसांत सूर्याची उत्तर-दक्षिण जागा 0.1 अंशाहूनही कमी बदलते. त्यामुळे दोन गावांतल्या शाळांनी वेगवेगळ्या दिवशी मोजलं तरी चालतं. 23 सप्टेंबरला हीच जागा दिवसाला 0.4 अंश सरकते. एका शाळेने शुक्रवारी आणि दुसरीने शनिवारी मोजलं की उत्तर बिघडलंच.

बहुतेक ठिकाणी हा प्रयोग काठीने करतात आणि तिथेच पहिली गडबड होते. मीटरभर काठीच्या सावलीचं टोक सुमारे सेंटीमीटरभर पुसट असतं, कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची थाळी आहे. प्रत्येक मूल टोक वेगळ्या जागी धरतं. म्हणून काठी सोडा, कवडसा घ्या. 30 × 30 सेंमीच्या जाड पुठ्ठ्याला मधोमध दाभणाने 3-4 मिमीचं गोल भोक पाडा. पुठ्ठा टेबलाच्या उत्तरेकडच्या कडेवर असा ठेवा की भोक कडेच्या बाहेर येईल, आणि टेबलावरच्या भागावर विटा ठेवा, नाहीतर वाऱ्याने हलेल. खाली पुठ्ठ्याच्या सावलीत सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटरचा उजळ ठिपका दिसतो. हे सूर्याचंच चित्र आहे, आणि त्याचा मध्य मुलं बिनचूक धरतात. भोक सेंटीमीटरभर केलंत तर ठिपका पसरतो, टाचणीएवढं केलंत तर तो उन्हात दिसत नाही. सूर्याकडे थेट कोणी पाहायचं नाही, भोकातूनही नाही. सगळं पाहायचं ते जमिनीवर.

भोकातून दोऱ्याने ओळंबा सोडा आणि त्याचं टोक खाली जिथे येईल तिथे फुली मारा. मग दोरा काढून घ्या. काठी सरळ उभी आहे का, हा प्रश्नच मिटतो.

जमीन मात्र दगा देते. शाळेच्या अंगणाला आणि व्हरांड्यालाही पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. कवड्सापर्यंतच्या अंतरात जमीन 1 सेंमी उतरली तरी कोन सुमारे 0.4 अंशाने चुकतो. म्हणून खाली प्लायवूड ठेवा, त्याखाली कागदाच्या घड्या सरकवून ते समपातळीत आणा आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासा. भोकाची उंची प्लायवूडपासून मोजायची, जमिनीपासून नाही.

आता वेळ. घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि आपण पश्चिमेला आहोत, दर अंशाला 4 मिनिटं मागे. डिसेंबरच्या त्या आठवड्यात सूर्य कोल्हापुरात 12:31 च्या, नाशकात 12:33 च्या, तर नागपुरात 12:12 च्या सुमारास मध्यावर येतो. पावणेबारा ते दीड वाजेपर्यंत दर 5 मिनिटांनी कवड्साच्या मध्यावर खूण करा. पावणेबाराच्या खुणेतून, फुलीला केंद्र धरून, दोरीने कंस काढा. दुपारनंतर कवडसा तोच कंस पुन्हा ओलांडतो. दोन्ही छेदबिंदूंचा मध्य फुलीला जोडला की खरी उत्तर-दक्षिण रेषा मिळते. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषांची शंकूने (उभ्या काठीने) दिशा काढायची रीत ती हीच. होकायंत्रापेक्षा हिच्यावर भरवसा ठेवा, कारण खांबांतली लोखंडी सळई होकायंत्राला सहज फसवते.

खुणा जोडणारी वाट या रेषेला जिथे छेदते ते फुलीपासूनचं अंतर मोजायचं. मध्यान्हाच्या आधी किंवा नंतर 10 मिनिटं कवडसा फुलीपासून जेमतेम दीड-दोन मिलीमीटर जास्त लांब असतो, त्यामुळे मिनिटा-दोन मिनिटांची चिंता नको.

भोक 75 सेंमी उंच असेल तर कोल्हापुरात 63.2 सेंमी आणि नाशकात 71.0 सेंमी अंतर यायला हवं. उंचीने भागून tan⁻¹ (म्हणजे त्या गुणोत्तराचा कोन) काढलं की सूर्य डोक्यावरून किती कललाय ते, 40.1 आणि 43.4 अंश, मिळतं. मोबाइलचा कॅल्क्युलेटर 0.70 दाखवू लागला तर तो रेडियनमध्ये (कोनाच्या दुसऱ्या एककात) आहे, अंशांवर आणा. कंपासपेटीतल्या कोनमापकाने हे काम होत नाही. त्यावर एक अंशाहून बारीक वाचता येत नाही आणि इथला सगळा फरकच 3.3 अंशांचा आहे.

दोन गावांमधलं अंतर नकाशावरून घ्या, तेही फक्त उत्तर-दक्षिण. दोन्ही गावांतून आडव्या रेषा काढून त्यांच्यातलं उभं अंतर नकाशाच्या प्रमाणाने मोजा. ते सुमारे 366 किमी भरतं. रस्त्याचे किलोमीटर वापरले तर पृथ्वी फुगते. 3.3 अंशांना 366 किमी, तर पूर्ण वर्तुळाच्या 360 अंशांना किती? 366 ला 360 ने गुणून 3.3 ने भागलं की जवळजवळ 39,900 किमी. ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ 40,008 किमी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये हेच केलं होतं. त्याच्या दोन गावांतला फरक वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे 7.2 अंश होता.

जोडीदार शाळा निवडताना दूरची निवडा. शेजारच्या तालुक्यात, 30 किमीवर, फरक पाव अंशाचाच असतो. कवडसा 2 मिमी चुकला की 0.09 अंश जातो, म्हणजे एक तृतीयांश उत्तर गेलं. कोल्हापूर-नाशिक जोडीत तीच चूक हजारेक किलोमीटरची होते. मुलांना दोन्ही चुका काढायला लावा. मोजमापात किती काळजी घ्यायची, हे त्या आकड्यांवरून त्यांना नीट कळतं.

प्लायवूड पुसू नका. दर महिन्याला त्याच उंचीवरून मध्यान्हाची एक खूण त्यावर वाढवत राहा. डिसेंबरनंतर कवडसा फुलीकडे सरकू लागतो, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात आभाळ तासभर उघडलं तर पुण्यात तो फुली ओलांडून दक्षिणेला साधारण साडेसहा सेंटीमीटरवर पडलेला दिसेल. त्या दिवशी पुठ्ठा टेबलाच्या दक्षिण कडेला लावायला विसरू नका.