सँडविच नावाच्या गावात

सँडविच नावाचं गाव खरोखरच आहे, इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंटमध्ये. लंडनच्या सेंट पँक्रसहून गाडी पकडली की साधारण दीड-पावणेदोन तासांत स्टेशनावर ती पाटी दिसते. पाटीखाली उभं राहून फोटो काढणारी मी एकटीच नव्हते, त्यामुळे लाज जरा कमी वाटली.

गाव चिमुकलं, पण अस्सल जुनं. अरुंद बोळ, लाकडी चौकटींची घरं, वरचे मजले रस्त्यावर झुकलेले. एका गल्लीचं नाव चक्क 'नो नेम स्ट्रीट'. मारुतींना जिलब्या आणि भिकारदास म्हणणाऱ्या पुणेकरांनाही हे सुचलं नसतं!

मध्ययुगात हे मोठं बंदर होतं. राजाला जहाजं पुरवायची आणि बदल्यात करमाफीसारख्या सवलती घ्यायच्या, असा करार असलेल्या 'सिंक पोर्ट्स'पैकी एक. १४५७ साली फ्रेंचांनी हल्ला करून गाव लुटलं, महापौरालाही मारलं. त्याच्या सुतकापायी इथल्या महापौराचा झगा आजही काळा असतो. पुढे स्टूर नदी गाळाने भरत गेली आणि समुद्र जवळजवळ तीन किलोमीटर लांब सरकला. धक्का आहे, जुनी वेस आहे, शेजारच्या पुलावर १९७० च्या दशकापर्यंत टोल घेत होते. मोठी जहाजं मात्र कधीच गेली.

आता खाण्याचं. या गावात सँडविचचा शोध लागलेला नाही. १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाला हॉलंडहून परत आणणाऱ्या आरमाराचा प्रमुख होता एडवर्ड माँटेग्यू. बक्षीस म्हणून त्याला अर्ल, म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार केलं. किताब आधी पोर्ट्समथचा घ्यायचं घाटत होतं म्हणे, शेवटी सँडविचवर शिक्कामोर्तब झालं. नाहीतर आपण चर्चगेटला उभं राहून 'भैया, एक मसाला टोस्ट पोर्ट्समथ' म्हणत असतो. घराण्याचा वाडाही इथे नव्हता, तो तिकडे हंटिंग्डनजवळ हिंचिंगब्रुकला होता.

ज्याच्यावरून पदार्थाला नाव पडलं तो चौथा अर्ल, जॉन माँटेग्यू (१७१८–१७९२). जुगाराची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: पत्ते सोडवेनात, म्हणून दोन पावांत मांस घालून मागवलं. ही गोष्ट आली कुठून? ग्रोस्ले नावाचा एक फ्रेंच गृहस्थ १७६५ मध्ये लंडनला आला आणि १७७० साली त्याने प्रवासवर्णन छापलं. त्यात तो सांगतो की एक मंत्री चोवीस तास जुगाराच्या टेबलावर बसून होता आणि भाजलेल्या पावाच्या दोन कापांमधल्या गोमांसावर त्याने वेळ भागवली. मंत्र्याचं नाव दिलेलं नाही, पदार्थाला त्याचंच नाव पडलं एवढं सांगून स्वारी पुढे सरकते. म्हणजे जगभर फिरलेल्या या किश्शाचा आधार काय, तर एका प्रवाशाने ऐकलेली गावगप्पा. आम्हा प्रवासवर्णनवाल्यांची ही जुनी खोड!

अर्लचा चरित्रकार रॉजर याचं म्हणणं वेगळं आहे. त्या काळात हा माणूस मंत्रिपदाच्या कामात बुडालेला होता, रात्र रात्र जुगार खेळायला त्याला सवड कुठली? पाव-मांस मागवलं असेल तर ते कामाच्या टेबलावर. मला हेच पटतं. डेस्कवर डबा उघडून एका हाताने माऊस फिरवत जेवणाऱ्या कोणालाही पटेल. शिवाय ग्रोस्ले लंडनला येण्याच्याही आधी, नोव्हेंबर १७६२ मध्ये, इतिहासकार गिबनने आपल्या रोजनिशीत लंडनच्या 'कोको ट्री' क्लबात बडी मंडळी रात्री थंड मांस किंवा 'सँडविच' खाताना पाहिल्याचं लिहून ठेवलंय. नाव तेव्हाच रुळलेलं होतं. पावात काहीतरी घालून खाणं तर त्याहून कितीतरी जुनं. पासोवर या सणाच्या जेवणात ज्यू लोक मात्झोमध्ये, म्हणजे बिनखमिराच्या चपट्या पावात, कडू पाला ठेवून खातात, ती रीत हिलेल या धर्मगुरूची, दोन हजार वर्षांपूर्वीची. अर्लने शोध लावला नाही, त्याच्या नावावर फक्त सातबारा झाला.

हा अर्ल तीन वेळा आरमार खात्याचा प्रमुख होता. कॅप्टन कुकने हवाई बेटांना 'सँडविच आयलंड्स' नाव दिलं ते याच्याच सन्मानार्थ. ते नाव पुसलं गेलं, पावाचं टिकलं.

दुपारी चहाच्या दुकानात चेडर-पिकल मागवलं. जाड तपकिरी पाव, बोटभर जाडीचं चीज आणि त्यावर आंबटगोड, काळपट लोणचं, चिरलेल्या भाज्यांच्या फोडींसकट. हिरवी चटणी नाही, बीट नाही, वर शेव तर नाहीच. दोन त्रिकोण संपवायला मला चहाचे दोन कप लागले, पण त्या चीजला तोड नाही, हे कबूल.

गावाच्या दक्षिणेला 'हॅम' नावाची वाडी आहे. तिकडच्या एका रस्त्यावर दोन्ही गावांची नावं एकाच खांबावर आहेत: 'हॅम', 'सँडविच'. गावाने याचा फायदा उठवला नसता तरच नवल. घराण्याने मात्र बरीच वाट पाहिली. अकराव्या अर्लने मुलाला आणि एका व्यावसायिकाला सोबत घेऊन 'अर्ल ऑफ सँडविच' नावाचं दुकान काढलं ते २००४ मध्ये, आणि तेही फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डमध्ये.