टाका मारताना काच धरायची कुठल्या हातात?

आमचं फॅब्रिकेशनचं, म्हणजे लोखंडी ग्रील-दरवाजे बनवायचं वर्कशॉप पुण्यात धायरीला आहे. मशीनवर नवरा असतो, हिशेब आणि खरेदी माझ्याकडे. ‘हे वेल्डर लोक काच वापरतच नाहीत, फार निष्काळजी,’ असं गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं की मला राग येतो. काच म्हणजे वेल्डिंग करताना डोळ्यांपुढे धरायची काळी काच.

टाका मारताना, म्हणजे पूर्ण वेल्डिंगआधी तुकडे जागेवर धरून ठेवायला छोटा ठिपका देताना, एकदा नीट बघा. डाव्या हातात पट्टी, ती गुण्यात, म्हणजे काटकोनात राहिली पाहिजे. उजव्या हातात वेल्डिंगचा रॉड पकडणारा होल्डर. मग हातात धरायची काच कोण धरणार? माणूस रॉड जागेवर टेकवतो, मान फिरवतो, डोळे मिटतो आणि टाका मारतो. खिडकीच्या एका ग्रीलला असे कितीतरी टाके लागतात. सलग वेल्डिंगला बसला की तोच माणूस काच घेतो, कारण तेव्हा त्याचा डावा हात मोकळा असतो.

हेल्परचे हाल तर याहून वाईट. पट्टीचं दुसरं टोक धरून तो समोरच उभा, आणि डोळ्यांवर काहीच नाही. कुणाकुणाकडे रस्त्यावरचा काळा गॉगल असतो. वेल्डिंगच्या उजेडापुढे तो काहीच कामाचा नाही. आर्कमधल्या, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या झोतातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांनी बुबुळाचा वरचा थर भाजतो, पण त्या वेळी कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे घरी जेवून झोपल्यावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. आमच्याकडच्या एका पोराच्या आईचा असाच रात्री फोन आला होता. “ताई, ह्याला डोळेच उघडवत नाहीत, बटाट्याच्या चकत्या ठेवल्यात.” बटाट्यानं गार वाटतं, इतकंच. बहुतेकदा एक-दोन दिवसांत डोळा बरा होतो, पण दाखवायचं डोळ्यांच्या डॉक्टरलाच. मेडिकलमधून डोळा बधिर करणारे थेंब आणून पुन्हापुन्हा घालू नका, त्यानं जखम भरायची थांबते.

आम्ही आपोआप काळी होणारी काच असलेलं हेल्मेट घेतलं. आर्क पेटेपर्यंत आरपार दिसतं, पेटला की क्षणात काळोख. दोन्ही हात मोकळे. नवऱ्याला ते पटलं ते टाका नेमका जागेवर बसतो म्हणून. डोळे जपण्याबद्दल माझं बोलणं त्यानं आधी बरंच ऐकलं होतं, पण तेवढ्यानं पटलं नव्हतं. हेल्परला साधं, डोक्यावर अडकवायचं, मान झटकली की खाली येणारं. काच दहा किंवा अकरा नंबरची (नंबर जितका मोठा तितकी काच गडद), आणि तिच्यापुढची साधी काच ठिणग्यांनी खरबरीत झाली की लगेच बदलायची.

धुराचंही तसंच. जीआय पाइपवरचं, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेल्या पाइपवरचं जस्त जळून त्याचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दूध-गुळानं तो उतरत नाही. जोडाजवळचं जस्त आधी ग्राइंडरनं काढावं, काम मोकळ्या हवेत करावं. तोंडाला बांधलेल्या रुमालानं धूर अडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला आहे.

1948 च्या कारखाने कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणासाठी कलम 35 होतं. पण तो मूळ कायदा विजेवर चालणाऱ्या कामालासुद्धा किमान दहा माणसं असली तरच लागू व्हायचा. तीन-चार माणसांच्या शेडमध्ये कुठला इन्स्पेक्टर येणार? तिथं हेल्मेट येतं ते मालकाच्या खिशातून, म्हणजे शेवटी गिऱ्हाइकाच्या भावातून.

म्हणून मी आता कोटेशनमध्ये सेफ्टीच्या सामानाची वेगळी ओळ लिहिते. घासाघीस सुरू झाली की पहिली तीच खोडायला सांगतात. डिझाइन साधं करून देईन, ती ओळ काढणार नाही.